पेटी किती बर्फ खाते? कोकणच्या सहलीसाठी आईसबॉक्स निवडताना

आईसबॉक्स घ्यायला दुकानात गेले की दोन आकडे लगेच समोर येतात: पेटी किती लिटरची आणि तिच्यात बर्फ किती दिवस टिकतो. खरेदीही बहुधा याच दोन आकड्यांवर होते. पण रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या किनाऱ्यालगत तंबू लावून दोन रात्री काढायच्या असतील, किंवा मिरकरवाडा बंदरावर सुरमई घेऊन त्याच दिवशी पुण्याचा रस्ता धरायचा असेल, तर या आकड्यांचा उपयोग थोडाच होतो. लिटरवरून पेटीत काय मावेल एवढेच कळते. ‘बर्फ पाच दिवस’ हा दावा बहुधा पेटी बर्फाने भरून, झाकण न उघडता घेतलेल्या चाचणीवर उभा असतो आणि सहलीला अशी पेटी कोणी नेत नाही. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे: कोकणच्या हवेत ही पेटी रोज किती किलो बर्फ खाईल? पेटी स्वतः काहीच थंड करत नाही. थंड करतो तो बर्फ. बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचायला उशीर लावणे एवढेच पेटीचे काम. तो उशीर किती लागतो यावर पेटीची लायकी ठरवावी. रंग, चाके आणि झाकणावरचे पेले ठेवायचे खळगे यांचा विचार त्यानंतर.

हा हिशेब कागदावर मांडता येतो आणि त्याला शाळेतले विज्ञान पुरते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत नेण्याला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ ८० टक्के. साध्या बर्फात इतका दम असतो म्हणूनच विजेशिवाय थंडावा टिकवण्याला आजही त्याच्याइतका स्वस्त मार्ग नाही. आता पेटीकडे पाहू. तिच्या भिंतीतून किती उष्णता आत शिरेल हे चार गोष्टींवर ठरते: भिंतीत काय भरले आहे, भिंत किती जाड आहे, पेटीचा पृष्ठभाग किती आहे आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक किती आहे. २५ ते ३० लिटरच्या पेटीचा पृष्ठभाग साधारण ०.६ चौरस मीटर भरतो. बाहेर ३० अंश आणि आत बर्फ असेल, भिंतीत ३ सेंटिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल, तर सुमारे १५ वॅट उष्णता सतत आत येत राहते. रात्रीच्या एखाद्या बारीक दिव्याएवढी ही उष्णता वाटायला क्षुल्लक वाटते, पण २४ तासांत ती जवळजवळ ४ किलो बर्फ वितळवते. तोच फोम ५ सेंटिमीटर जाड असेल तर खर्च अडीच किलोच्या आत येतो. २ सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल असेल तर तो सात-आठ किलोंवर जातो. कापडी पिशव्यांत जेमतेम एक सेंटिमीटर फोम असतो. त्या सकाळी निघून दुपारी जेवायला पोहोचण्यापुरत्याच. हे आकडे ढोबळ आहेत. झाकणाच्या फटी आणि ऊन यांनी ते वर-खाली होतील. पण एका पेटीत आणि दुसरीत दुपटी-तिपटीचा फरक पडतो आणि तो लेबलवरच्या लिटरमध्ये दिसत नाही, एवढे त्यांतून नक्की कळते.

कोकणात हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण इथे रात्र मदतीला येत नाही. पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला डिसेंबर-जानेवारीत तंबूत राहणाऱ्यांच्या पेटीतला बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कळसा शिल्लक असतो. त्याचे श्रेय पेटीला दिले जाते. ते बरेचसे घाटमाथ्यावरच्या थंड रात्रीचे असते. रत्नागिरीला जानेवारीतही रात्रीचे तापमान वीस अंशांच्या आसपास राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत दिवसा ३२-३३ आणि रात्री पंचवीसच्या आगेमागे. म्हणजे चोवीस तासांत पेटीला उसंत अशी मिळतच नाही. सह्याद्रीवर चांगली ठरलेली पेटी किनाऱ्यावर निराश करते ती यामुळे. कंपन्यांचे दावे वाचतानाही हेच विचारावे की बाहेर किती तापमान धरले होते. लसीकरणासाठी आरोग्यसेविका जी छोटी लसपेटी खांद्याला लावून वाड्या-वस्त्यांवर जातात, तिचा दर्जा ठरवताना जागतिक आरोग्य संघटना बाहेर ४३ अंश तापमान धरून ती किती तास थंड राहते ते मोजते. तापमान आणि तास दोन्ही जाहीर असल्यामुळे त्या आकड्यावर विसंबता येते. सहलीची पेटी विकणाऱ्याने ‘इतके दिवस’ म्हटले आणि तापमान सांगितले नाही, तर तो आकडा निवडीत धरू नये.

मग दुकानात पाहायचे काय? सोबत मोजपट्टी न्यावी. पेटीची बाहेरची रुंदी मोजावी, आतली मोजावी, वजाबाकी करून दोनने भागावे. भिंतीची खरी जाडी हाती येते. विक्रेत्याला ती अनेकदा ठाऊक नसते, वेष्टनावरही छापलेली नसते. दोन रात्रींच्या सहलीसाठी मी ३ सेंटिमीटरच्या खालची पेटी घेऊ नये असे म्हणेन. तळाची जाडीही, झाकण बाजूला ठेवून, बाहेरच्या उंचीतून आतली वजा करून अंदाजता येते; इथे दोनने भागायचे नाही. त्यानंतर झाकण. पुष्कळ स्वस्त पेट्यांत भिंतींत फोम असतो, पण झाकण आतून पोकळ असते. बोटांनी टकटक केली की भरीव आणि पोकळ यांचा आवाज वेगळा येतो. पोकळ झाकणातून भरीव झाकणाच्या कित्येक पट उष्णता आत येते आणि किनाऱ्यावर नेमके झाकणच उन्हात तापते. बाकी सगळे चांगले असले तरी झाकण पोकळ असेल तर ती पेटी सोडावी. झाकण बसते कसे हे पाहायला कागदाची पट्टी पुरते: पट्टी कडेवर ठेवून झाकण लावावे आणि ओढावी. ती चारही बाजूंनी अडकली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात सहज निसटली तर तिथून थंड हवा रात्रभर बाहेर पडत राहील. रबराची गास्केट असेल तर ती काढून धुता येते का, हेही विचारावे, कारण मासळीचा वास सर्वांत आधी तिथेच मुरतो. पाणी सोडायचे बूच तळाच्या अगदी लगत असावे, आट्याचे असावे आणि पेटीला बांधलेले असावे. वाळूत पडलेले बूच पुन्हा सापडत नाही. बिजागऱ्या आणि कड्या खाऱ्या हवेत गंजणाऱ्या लोखंडाच्या नसाव्यात. कड्यांची बैठक पेटीच्या अंगातच घडवलेली आहे की दोन बारीक स्क्रूंवर आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भरलेली पेटी उचलताना सारे वजन त्या कड्यांवरच येते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बंदरावर मासळीवाले वर्षानुवर्षे थर्मोकोलचे खोके वापरतात, मुंबईपर्यंत माल ताजा पोहोचतो, मग हजारोंची पेटी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. थर्मोकोल हा वाईट उष्णतारोधक नाही. पीयू फोमपेक्षा त्यातून उष्णता सुमारे दीडपट वेगाने जाते, म्हणून साडेचार सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल ३ सेंटिमीटर पीयू फोमची बरोबरी करू शकतो. जाड भिंतीचा खोका, झाकणाभोवती घट्ट चिकटपट्टी, आत भरपूर बर्फ आणि आठ तासांचा एकदाच होणारा प्रवास, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे, आणि वर्षातून एकदाच रत्नागिरीहून मासळी नेणाऱ्याला केवळ त्यासाठी महागडी पेटी घ्यायला मी सांगणार नाही. पण सहलीला पेटी दिवसातून वीस वेळा उघडली जाते, तिच्यावर कोणी बसते, ती गाडीतून काढली-चढवली जाते. थर्मोकोलचे कोपरे दुसऱ्याच दिवशी झिजतात, झाकण सैल होते, दाण्यांमधल्या फटींत रक्त आणि पाणी शिरले की वास जात नाही, आणि असा खोका स्वच्छ धुता येत नाही. शिवाय तुटलेला खोका किनाऱ्यावरच टाकून जाणारे अनेक असतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. थर्मोकोलचे पांढरे दाणे त्याच वाळूत मिसळतात, समुद्रात जातात, मासे आणि पक्षी ते अन्न समजून गिळतात आणि ते गोळा करता येत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोलच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आणली ती या कचऱ्यामुळेच. ज्या किनाऱ्यावर आपण आनंदासाठी जातो तिथे असा खोका नेऊ नये, आणि मासळीसाठी नेलाच तर तो सोबत परत घरी न्यावा.

आकाराच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. पेटीची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आतली जागा आठपट. उष्णता येते पृष्ठभागातून आणि बर्फ मावतो आतल्या जागेत, म्हणून तेवढ्याच जाडीच्या भिंतीची मोठी पेटी, पूर्ण भरलेली असेल तर, लहान पेटीच्या दुप्पट काळ टिकते. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून कोलकात्याला जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ पाठवला. मे महिन्यात निघालेले ते जहाज उष्ण कटिबंध ओलांडून सप्टेंबरमध्ये पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे असाच बर्फ मुंबईलाही येऊ लागला आणि तो साठवायला फोर्टात बर्फघर होते. पीयू फोम तेव्हा नव्हता; भुशासारखी साधी आवरणे होती. प्रचंड आकारमानाने आणि आवरणाच्या जाडीने ते साधले. आपल्या पेटीला हा नियम लागू होतो, पण अटीसह: मोठी पेटी बर्फाने भरलेली असली पाहिजे. ५० लिटरच्या पेटीत ५ किलो बर्फ टाकला तर मोठ्या पृष्ठभागातून येणारी उष्णता तेवढाच बर्फ आधी संपवते. म्हणून ‘असू दे मोठीच’ म्हणून पेटी घेऊ नये. बर्फाला किमान तिसरा हिस्सा आणि दोन रात्रींसाठी निम्मी जागा ठेवून उरलेल्या जागेत आपले सामान मावते का ते पाहावे. चौघांच्या कुटुंबाला एका रात्रीसाठी २५-३० लिटर आणि दोन रात्रींसाठी ४५-५० लिटर पुरतात. वजनाचाही विचार हवा. ५० लिटरची पेटी बर्फ, पाणी आणि जिन्नस भरून तीस-पस्तीस किलोंची होते. डांबरी रस्त्यावर चाके कामी येतात, पण सुक्या वाळूत ती रुततात आणि सुरूच्या बनातून तंबूपर्यंत पेटी दोघांनी उचलूनच न्यावी लागते. त्यामुळे गणिताच्या विरुद्ध जाऊनही मी बहुतेक कुटुंबांना एका ५० लिटरच्या पेटीऐवजी २५ लिटरच्या दोन सुचवीन. थोडा अधिक बर्फ लागतो खरा. पण एक पेटी पाण्यासाठी आणि तयार खाण्यासाठी राहते, दुसरी कच्च्या मासळीसाठी किंवा चिकनसाठी, आणि सोलकढीच्या बाटलीला मासळीचे पाणी लागत नाही. हा फायदा रोजच्या सुमारे दीड किलो जादा बर्फापेक्षाही मोठा आहे.

पेटी चांगली घेऊनही बर्फ लवकर संपण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे आत ठेवलेले गरम सामान. तीस अंशांच्या सहा लिटर पाण्याच्या बाटल्या चार अंशांपर्यंत आणायला जवळजवळ २ किलो बर्फ लागतो. चांगल्या पेटीचा तो अर्ध्या दिवसाचा खर्च आहे. त्याच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या तर तो पूर्ण वाचतो, आणि त्यांतल्या दोन-तीन फ्रीजरमध्ये गोठवल्या तर त्या स्वतःच बर्फाचे काम करतात आणि वितळल्यावर प्यायला मिळतात. बाजारातल्या बहुतेक जेलच्या पिशव्यांत मुख्यतः पाणीच असते. साध्या गोठवलेल्या बाटलीपेक्षा त्या फार काही अधिक करत नाहीत. पेटीही आधी थंड करावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेल्या पेटीचे प्लास्टिकच सुरुवातीला काही बर्फ खाते. याउलट झाकण उघडण्याचा फार बाऊ केला जातो. ३० लिटरची सगळी हवा बदलली, तरी ती थंड करायला आणि तिच्यातली वाफ निववायला सात-आठ ग्रॅम बर्फ लागतो. यात वाफेचा वाटा हवेपेक्षाही मोठा असतो, कारण कोकणची हवा दमट असते आणि वाफेचे पाणी होताना ती बरीच उष्णता सोडते. तरीही वीस वेळा उघडण्याचा खर्च दीडशे ग्रॅमच्या आसपास राहतो. झाकण अर्धवट राहणे, त्याखाली पिशवीचे टोक अडकणे, पेटी उन्हात असणे, हे खरे नुकसान करते. बंद गाडीत उन्हात पन्नास अंशांच्या वर तापमान जाते, म्हणजे आतबाहेरचा फरक तिसाचा पन्नास होतो आणि खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. प्रवासात पेटी डिकीऐवजी आतल्या थंड हवेत ठेवावी; मुक्कामी सावलीत, वाळूवर थेट न टेकवता एखाद्या फळकुटावर. पांढरी किंवा फिकी पेटी गडद रंगाच्या पेटीपेक्षा उन्हात कमी तापते. रंगाचा एवढा एक उपयोग आहे.

बर्फाशेजारी काय ठेवू नये हेही सांगायला हवे. परतताना पिकत घातलेल्या हापूसच्या पेटीतले चार आंबे बर्फात सारण्याचा मोह होतो. अर्धवट पिकलेला आंबा बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवला की त्याला थंडी बाधते, साल काळपट पडते, तो नीट पिकत नाही आणि स्वादही जातो. आंबा गाडीत मोकळ्या हवेतच बरा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ते २ ते ८ अंशांत राहायला हवे आणि गोठले तर निकामी होते, म्हणून ते बर्फाला टेकवू नये. लसपेटीत बर्फाच्या पिशव्या भरण्याआधी त्या थोडा वेळ बाहेर ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळते हे पाहूनच भरतात. इन्सुलिन असेल तर तीच काळजी घ्यावी आणि कुपी कापडात गुंडाळून बाटल्यांच्या बाजूला, बर्फापासून दूर ठेवावी.

आता मासळी, कारण रत्नागिरीला येणाऱ्या पुष्कळांची पेटी शेवटी त्यासाठीच असते. जुना ठोकताळा एक किलो माशाला एक किलो बर्फ असा आहे आणि हिशेबही त्याला दुजोरा देतो. बंदरावरची ५ किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे दीड किलो बर्फ लागतो. पुण्यापर्यंतच्या आठ तासांत चांगली पेटी आणखी सव्वा किलो खाते. तीन किलोंच्या आत भागते, पण घाटात वाहतूक अडली किंवा पेटी उन्हात राहिली तर उरलेले दोन किलो कामी येतात. बर्फ कुटलेला हवा. लादी जास्त टिकते म्हणून तिची तारीफ होते, पण ती टिकते याचा एक अर्थ असाही आहे की ती शेजारच्या वस्तूची उष्णता सावकाश घेते. बाटल्या आधीच थंड असतील तर लादीच उत्तम, मासळीला मात्र अंगाला बिलगणारा बारीक बर्फ लागतो. तळाशी जाळी, तिच्यावर बर्फ, मग पोट साफ केलेले मासे, मग पुन्हा बर्फ, असे थर लावावेत. मासे रक्ताळलेल्या पाण्यात पडून राहू नयेत, म्हणून जाळी आणि बूच. पाणी रस्त्यावर न सोडता बाटलीत धरावे. पेयांच्या पेटीत याच्या उलट करावे: वितळलेले पाणी शून्य अंशाच्या आसपास असते आणि बाटल्यांना हवेपेक्षा छान बिलगते, ते ओतून टाकू नये. कोळंबी पाण्यात राहिली की फिकी आणि बेचव होते; ती पातळ पिशवीत पसरून बर्फात दाबावी.

या सगळ्याची निकड ताजेपणाच्या चवीपुरती नाही. बांगडा, कुपा, तारली, सुरमई या माशांत उष्णतेत जिवाणू वाढले की हिस्टामाईन तयार होते. त्याने अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. वास घेऊनही ते नेहमी कळत नाही. एकदा तयार झालेले हिस्टामाईन नंतर फ्रीजरमध्ये ठेवूनही नाहीसे होत नाही, म्हणून बंदरापासून घरापर्यंत मासा चार अंशांच्या खाली राहणे हाच उपाय. या कारणासाठीच गाडीत लावायच्या स्वस्त विजेच्या ‘कूलर’ पेट्या मासळीला मी नाकारतो. त्यांतल्या कॉम्प्रेसर नसलेल्या पेट्या बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनीच थंड होतात; कोकणातल्या ३२ अंशांत आत १२ ते १७ अंश राहतात. पाण्याची बाटली गार लागेल, बांगडा मात्र सुरक्षित राहणार नाही. कॉम्प्रेसरवाल्या पेट्या हे काम नीट करतात, पण त्या महाग, जड आणि गाडीच्या बॅटरीवर अवलंबून असतात. नेहमी प्रवास करणाऱ्यांनी त्यांचा जरूर विचार करावा. वर्षाला दोन-तीन सहली करणाऱ्याला त्या पैशांत दोन उत्तम बर्फपेट्या येतात. जाड भिंतींच्या, साच्यात फिरवून घडवलेल्या वजनदार पेट्यांबद्दलही हेच म्हणावे लागेल. त्या खरोखर टिकतात, बोटीवर आणि चार-पाच दिवसांच्या मुक्कामी त्यांना तोड नाही, पण रिकाम्याच आठ-दहा किलोंच्या भरतात. दोन रात्रींसाठी तेवढे वजन वाहण्याचे कारण नाही.

बर्फ कुठेही मिळतो, मग एवढा हिशेब कशाला, असेही कोणी विचारील. मिरकरवाडा, हर्णै, दाभोळ अशा मासळीच्या बंदरांजवळ बर्फ मिळतो हे खरे. पण तंबू लागतात ते लहान गावांच्या किनाऱ्यांवर, आणि तिथे संध्याकाळी सातनंतर बर्फ मिळेलच असे नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावरचा बर्फाचा व्यवहारही मंदावतो. दुसरे, मिळतो तो बर्फ कसला? खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पण बिनरंगी दिसला म्हणून बर्फ पिण्यायोग्य असे समजू नये. बंदरावरचा बर्फ मासळीला आणि बंद बाटल्यांना लावावा. पेल्यात टाकायचा बर्फ पिण्याच्या पाण्यापासून घरीच करून वेगळ्या डब्यात न्यावा. तंबूत कोणाचे पोट बिघडले तर रात्री दवाखाना जवळ नसतो.

पेटी घरी आणल्यावर पहिल्या सहलीआधी तिचा खरा खर्च मोजून ठेवावा. पेटीत मोजून ५ किलो बर्फ घालावा, ती सावलीत बाहेर ठेवावी आणि २४ तासांनी बुचातून निघालेले पाणी मोजावे. जेवढे लिटर पाणी, तेवढे किलो रोजचा खर्च. सगळाच बर्फ वितळला असेल तर पुढच्या वेळी ८ किलो घालून पुन्हा मोजावे. पुण्या-कोल्हापुराच्या थंडीत मोजले असेल तर किनाऱ्यासाठी तो आकडा वाढवून धरावा: बाहेर सरासरी वीस अंश असताना २ किलो लागले, तर तीस अंशांत ३ किलो लागतील. हा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईने लिहून ठेवावा. मग प्रत्येक सहलीला रात्रींची संख्या, आत जाणारे न थंड केलेले सामान आणि मासळी यांची बेरीज करून नेमका बर्फ घेता येतो.

सहलीहून आल्यावर पेटी त्याच दिवशी साबणाने आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, गास्केट आणि बूच काढून वेगळे घासावे आणि उन्हात पूर्ण वाळवावी. पावसाळ्यात कोकणातल्या घरात बंद पेटीला आठवड्याभरात बुरशी येते. म्हणून चार महिने ती झाकण किंचित उघडे ठेवून, बूच काढून, भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवावी. फोम ओला झालेली पेटी आतून सुकत नाही आणि तिचा बर्फाचा खर्च वाढतो, म्हणून आतल्या प्लास्टिकला तडा दिसला तर तो लगेच बुजवावा. गणपतीनंतर पेटी बाहेर काढली की पाण्याची चाचणी पुन्हा एकदा करावी. आधीच्यापेक्षा जास्त पाणी निघाले तर आधी गास्केट बदलून पाहावी. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.